उत्तर कोणाच्या तोंडचे?

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये समोरचे पात्र काहीतरी विचारते आणि पडद्यावर तीन-चार उत्तरे उमटतात. खेळाडू एक उत्तर निवडतो, संभाषण त्या वाटेने पुढे जाते. तलवार कोणालाही चालवता येते. नायक भित्रा आहे की बेरकी, हे या उत्तरांतून ठरते. यादीत नसलेले वाक्य त्याला बोलताच येत नाही, म्हणून लेखकाने काय गाळले यालाही तितकेच महत्त्व.

1985 च्या ‘अल्टिमा 4’मध्ये सुरुवातीलाच नैतिक पेच घालून उत्तरांवरून पात्राचा वर्ग ठरवला जाई. पुढे गावकऱ्यांशी बोलायचे तर ‘नाव’, ‘काम’ असे शब्द टंकावे लागत. 1990 च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये तलवारबाजी टोमण्यांनी चाले, टोमण्याला चपखल प्रत्युत्तर दिले की डाव जिंकला. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

खरी गंमत नव्वदीच्या अखेरीस आली. ‘फॉलआउट’मध्ये (1997) पात्राची बुद्धी फार कमी ठेवली, तर यादीत धड वाक्येच येत नाहीत, नुसते हुंकार येतात आणि कित्येक जण बोलणेच टाळतात. ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ने (1999) याहून बारीक काम केले. तिथे काही ठिकाणी तेच वाक्य यादीत दोनदा असते, एकदा खरे म्हणून आणि एकदा थाप म्हणून. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. पण गेम मनातला हेतू नोंदवतो आणि त्यावर पात्राचा स्वभाव हळूहळू सरकतो. वचन देतानाच ते मोडायचे ठरवलेला माणूस उभा करायला याहून साधी युक्ती सापडणे कठीण.

पुढे नायकाला आवाज मिळाला आणि यादी आखडली. ‘मास इफेक्ट’ने (2007) उत्तरे चाकाभोवती मांडली: वर सौम्य, खाली उद्धट, आणि पूर्ण वाक्याऐवजी दोन-तीन शब्दांची खूण. सौम्यपणाचे गुण साठले की खास उत्तरे खुली होत, त्यामुळे बरेच खेळाडू न वाचताच वरचा कोपरा धरू लागले. ‘एल. ए. नॉयर’मध्ये (2011) ‘शंका’ निवडावी तर गुप्तहेर साक्षीदारावर खेकसायचा. 2017 च्या नव्या आवृत्तीत त्या खुणांची नावेच बदलली. ‘फॉलआउट 4’मध्ये (2015) नायक नेमके काय बोलणार हे आधी कळावे, म्हणून चाहत्यांनीच पूर्ण वाक्ये दाखवणारी जोड तयार केली.

हे सारे सातपुड्यातल्या एखाद्या गावावर घालून पाहावे. मध्य प्रदेशातले, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात. त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडफेक करतात. हीच गोटमार. तिच्यावर गेम केला आणि नायक सावरगावचा पोरगा असला, तर आदल्या रात्री पांढुर्ण्याचा मामेभाऊ त्याला विचारील, “उद्या नदीवर येऊन राहिला काय बे?” यावर “येतो ना, झेंडा न्याले आलास तं पाह्यजो,” हे उत्तर शोभते. “माय जाऊ नाही देत मले,” हेही शोभते. न बोलणे हेही उत्तरच; ‘द वॉकिंग डेड’ने (2012) ते नियमातच बसवले आहे. “हिंसा निषेधार्ह आहे,” हे वाक्य मात्र लेखकाचे होईल, पोराचे नाही. प्रत्यक्षातही प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक दगडांकडेच वळले. पर्याय समोर होता, भूमिकेत बसला नाही.

नदीकाठी पोलीस हिंदीत हटकतो. पोराने “घर जा रहा हूँ, साहब,” म्हणावे की “घरी चाललो, साहेब”? दोन्हींचा अर्थ एकच. पण पहिल्यात सरकारी माणसासमोरचा अदबीचा पवित्रा आहे, तर दुसऱ्यात ‘मी इथलाच’ असा दावा. इथल्या बाजारात, कचेरीत असे भाषा बदलणे दिवसभर चालते. ‘प्लेनस्केप’सारखे एकच उत्तर दोनदा, एकदा हिंदीत आणि एकदा वऱ्हाडी वळणाच्या मराठीत मांडले, तर सीमेवरच्या माणसाची भूमिका यादीतच उभी राहील.

अडचण पैशाची. आवाज द्यायचा तर प्रत्येक वाक्याचे ध्वनिमुद्रण आले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’त (2020) संवादांची निवडच नाही, कथा एकाच वाटेने जाते. उलट ‘डिस्को एलिझियम’ (2019) दहा लाखांहून अधिक शब्दांचा. त्यात नायकाचे 24 स्वभावगुण मध्येच बोलतात आणि उत्तरे सुचवतात. तो प्रथम आला तेव्हा बहुतेक मजकूर नुसता वाचायचाच होता. पूर्ण आवाज 2021 मध्ये चढला. छोट्या चमूलाही हाच क्रम परवडेल: वाक्ये आधी लिहावीत आणि आवाज, जमला तर, नंतर द्यावा.