नव्वद फुटांची भरपाई

१६ ऑगस्ट १९२० ची दुपार. न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलँड आणि यँकीज यांच्यात बेसबॉलचा सामना रंगला होता. आभाळ झाकोळलेले होते. पाचव्या इनिंगला क्लीव्हलँडचा रे चॅपमन फलंदाजीला उभा राहिला. यँकीजच्या कार्ल मेजने आपल्या नेहमीच्या पद्धतीने, हात पार खाली नेऊन चेंडू फेकला. खाडकन आवाज झाला आणि चेंडू घरंगळत मेजकडेच परत आला. बॅटला लागला असे समजून त्याने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा! पण चेंडू लागला होता तो चॅपमनच्या डोक्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. वय अवघे २९.

आपण क्रिकेटवेडी माणसे. चेंडू अंगावर आदळला तर आपल्याकडे फार तर लेगबाय. बेसबॉल मात्र मार खाणाऱ्याला भरपाई देतो. पिचरचा चेंडू फलंदाजाच्या अंगाला, अगदी कपड्याला जरी लागला, तरी खेळ तिथेच थांबतो आणि फलंदाजाला पहिला बेस बहाल होतो. चेंडू टप्पा खाऊन आला तरी न्याय तोच. तिन्ही बेस भरलेले असतील तर सगळेच एकेक घर पुढे सरकतात आणि एक धाव आयती पदरात पडते. नॅशनल लीगने हा नियम १८८७ साली स्वीकारला.

पण भरपाई म्हटली की अटी आल्याच. बॅट फिरवली आणि चेंडू लागला, तर बेस नाही, उलट स्ट्राइक. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये असताना लागला, तरी स्ट्राइकच. आणि तिसरी अट सर्वांत नाजूक: फलंदाजाने चेंडू चुकवण्याचा प्रयत्न केलेला हवा. मुद्दाम अंग पुढे करून बेस मागता येत नाही. १९६८ साली डॉजर्सचा डॉन ड्रायस्डेल एकही धाव न देता इनिंगमागून इनिंग टाकत होता. तिन्ही बेस भरलेले असताना त्याचा चेंडू जायंट्सच्या डिक डिएत्झला लागला. धाव गेली, विक्रम मोडला, असे सर्वांना वाटले. पण अंपायर हॅरी वेंडेलस्टेट म्हणाले, याने चुकवण्याचा प्रयत्नच केला नाही! विक्रमाची मालिका पुढे चालू राहिली.

आता चॅपमनकडे वळू. तो जागचा हलला नाही, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. पण हलणार कसा? त्या काळी एकच चेंडू मळून, माखून काळा पडेपर्यंत वापरत. अंधूक उजेडात तो त्याला बहुधा दिसलाच नसावा. जो दिसत नाही, तो चुकवायचा कसा? मळका चेंडू तत्परतेने बदलायची शिस्त त्या मृत्यूनंतर आली. हेल्मेटला मात्र अर्धे शतक लागले. मेजर लीगमध्ये ते सक्तीचे झाले १९७१ साली, आणि तेही जुन्या खेळाडूंना सूट देऊन! १९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर चेंडू आदळला, तेव्हा त्यांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. शहाणपण सगळीकडे उशिराच येते.

बेस देताना नियम पिचरचा हेतू विचारत नाही. चेंडू हेतुपुरस्सर मारला असे वाटले, तर अंपायर पिचरला मैदानाबाहेर काढू शकतो, पण ती बाब वेगळी. मेजवर कारवाई झाली नाही. आपला हेतू तसा नव्हता, हे तो सांगत राहिला. पुढेमागे मिळून त्याने २०७ सामने जिंकले, पण लोकांनी लक्षात ठेवला तो एकच चेंडू.

होम प्लेटपासून पहिला बेस नव्वद फुटांवर. नियमाप्रमाणे तो चॅपमनला मिळाला होता. तिथे उभा राहिला मात्र त्याच्या जागी आलेला हॅरी लंट. सामना क्लीव्हलँडने जिंकला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजही. नियमाने आपले देणे चोख दिले होते. घेणारा तेवढा उरला नव्हता.