मामलेदार की तहसीलदार?

जमिनीचे उतारे, उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिका अशा नाना कामांसाठी ज्या कार्यालयाची पायरी चढावी लागते, त्याच्या फलकावर 'तहसील कार्यालय' असे लिहिलेले असते. पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील जुनी मंडळी मात्र त्यालाच 'मामलेदार कचेरी' म्हणतात. ठाण्याच्या प्रसिद्ध मिसळीलाही तेच नाव चिकटले आहे. एकाच पदाला दोन नावे का, याचे उत्तर राज्याच्या इतिहासात आहे.

'तहसील' हा मूळ अरबी शब्द. प्राप्त करणे, गोळा करणे हा त्याचा अर्थ. 'हासील' आणि 'महसूल' हे शब्दही त्याच धातूपासून आले. त्याला 'दार' हा फारसी प्रत्यय लागून सारा गोळा करणारा तो तहसीलदार झाला. 'मामलेदार' म्हणजे मूळचा मामलतदार. 'मामला' म्हणजे व्यवहार, प्रकरण. पेशवाईतील मामलतदार वसुलीबरोबरच बंदोबस्त आणि तंटेही पाहत असे. थोडक्यात, एका नावात वसुली आहे, तर दुसऱ्यात कारभार.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याने पेशवाईतील मामलतदार हे नाव कायम ठेवले. मध्य प्रांतातील विदर्भात आणि निजामाच्या मराठवाड्यात तहसीलदार रूढ होता. १९५६ मध्ये हे तिन्ही भाग एका राज्यात आले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याने राज्यभर तहसीलदार हे एकच पदनाम निश्चित केले. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. तहसीलदाराचे नाव मात्र बदलले नाही. गोवा आणि गुजरातमध्ये आजही मामलेदार किंवा मामलतदारच आहे.

महाराष्ट्रातही जुने नाव पूर्णपणे पुसले गेलेले नाही. १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम अजून लागू आहे. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी बांध घालून किंवा नांगरून अडवला, तर या कायद्याच्या कलम ५ नुसार अडथळा दूर करण्याचा आदेश देता येतो. त्यासाठी अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. नवा रस्ता हवा असल्यास मात्र महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करावा लागतो. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच जातात. पण कायदा कोणता, हे न कळल्याने चुकीच्या कलमाखाली अर्ज केला, तर मुदत हातची जाऊ शकते.

पेरणीच्या तोंडावर रस्ता बंद झालेल्या शेतकऱ्याला ही मुदत महागात पडते. फलकावर तहसीलदार असला, तरी त्याची वाट मोकळी करण्याचा अधिकार कायद्याच्या पुस्तकात मामलतदाराच्याच नावाने नोंदलेला आहे.