कोतवालाच्या वहीचे छायाचित्रण

शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशाचे दिवस आले की नागपूर जिल्ह्यातील तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांबाहेर पालकांची गर्दी होऊ लागते. आजोबा-पणजोबांच्या नावाची एखादी नोंद त्यांना हवी असते. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वंशावळीचा शोध हा येथे हौसेचा विषय नव्हे.

ज्याच्या घराण्यात जमीन होती, त्याचा माग बंदोबस्ताच्या मिसलीत किंवा १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात लागू शकतो. भूमिहीन मजुराचे पूर्वज मात्र या दप्तरांत क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी उरते ते कोतवाल बुक. जुन्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर पोहोचवीत असे. स्वतःला लिहिता येत नसल्यास नोंद दुसऱ्याकडून करवून घेई. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या काळासाठी या वह्यांचे मोल फार मोठे आहे.

या वहीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद असते. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यावा लागतो. जातीचा उल्लेख कधी एकाच अक्षरात असतो. हाताने नक्कल करणारा लिपिक सद्हेतूने ते अक्षर पूर्ण शब्दात लिहितो आणि तेथेच वादाला तोंड फुटते. छायाचित्रात अक्षर जसे आहे तसे राहते. रंगीत छायाचित्रात तर मागाहून केलेली खाडाखोड व शाईतील फरकही दिसतो. जुन्या कृष्णधवल सूक्ष्मपटात तो सहसा कळत नाही.

अशा कामाला जगात मोठी परंपरा आहे. अमेरिकेतील यूटा येथे १८९४ साली स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेने १९३८ पासून अभिलेखांचे सूक्ष्मपट घेण्यास आरंभ केला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आल्या. आपल्याकडे भूमी अभिलेख विभागाने जुने सातबारा व फेरफार यांचे संगणकीय प्रतिमांकन केले आहे.

ठिसूळ वही झेरॉक्स यंत्रावर उलटी दाबणे म्हणजे तिची शिवण तोडणे होय. वही पाळण्यासारख्या आधारावर अर्धवटच उघडावी, कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवावा आणि प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरपा द्यावा. फ्लॅश वापरू नये. प्रथम मुखपृष्ठ टिपावे, म्हणजे गाव व वर्ष निश्चित होते. त्यानंतर प्रत्येक पान क्रमाने घ्यावे. कोरी पानेही वगळू नयेत, अन्यथा पान फाडल्याचा संशय पुढे निष्कारण उद्भवतो. प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात. पुसट पानासाठी अधिक वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावा. घाईत घेतलेले धूसर छायाचित्र घेऊन पालक पुन्हा त्याच खिडकीशी येतो.

मात्र भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्र म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. ती अभिलेखाच्या अभिरक्षकाच्या सही-शिक्क्यानिशीच मिळते, आणि दक्षता पथक मूळ वहीही तपासू शकते. म्हणून छायाचित्रण पूर्ण झाले तरी वही रद्दीत काढू नये. कापडात बांधून, गावाचे नाव व वर्षे लिहिलेली चिठ्ठी लावून ती कोरड्या फळीवर ठेवावी.