पोस्टरवरचा देह, आरशातला देह

शहरातल्या एखाद्या जिममध्ये शिरावे, तर भिंतीवर दोन पोस्टर्स बहुधा दिसतातच. एकात दंडाच्या बेटकुळ्या फुगवलेला, घामाने चमकणारा पुरुष. दुसऱ्यात सपाट पोटाची, कमरेवर हात ठेवलेली तरुणी. तो काहीतरी उचलत असतो, ती बहुतेकदा नुसतीच उभी असते. त्याला संदेश ‘वाढव’ असा, तिला ‘घटव’ असा. आता अशीच छायाचित्रे ‘फिटस्पिरेशन’ या नावाने मोबाइलवर दिवसभर समोर येत राहतात.

आपल्याकडे हा साचा घराघरांत पोहोचवण्यात हिंदी चित्रपटाचा वाटा मोठा. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’मुळे शाहरुख खानचे ‘सिक्स पॅक’ आणि २००८ मध्ये ‘टशन’मुळे करिना कपूरची ‘साइज झिरो’ चर्चेत आली. तत्पूर्वी बलदंडपणाचा आदर्श होता तालमीतला पैलवान. त्याच्या पोटावरच्या खाचा मोजाव्यात असे कुणाला वाटले नव्हते.

ही चित्रे निदान प्रेरणा तरी देतात ना? ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचे उत्तर शोधले. काही विद्यार्थिनींना अशी छायाचित्रे दाखवली, इतरांना प्रवासाची. पहिल्या गटात तंदुरुस्त होण्याची इच्छा वाढली खरी. पण मन अधिक खिन्न झाले आणि स्वतःच्या शरीराविषयीची नाराजीही वाढली. ही प्रेरणा मुळात तुलनेतून येते, आणि तुलनेत आरसा हरणार हे ठरलेलेच असते. कारण छायाचित्रातला देह हा बेतलेला आहार, प्रकाशयोजना, नेमका कोन आणि संगणकावरची सफाई यांतून घडलेला एक क्षण असतो.

त्या क्षणाचा पाठलाग मात्र महागात पडू शकतो. पोटाचे स्नायू उठून दिसण्यासाठी त्वचेखालची चरबी फार कमी असावी लागते. स्त्रीच्या शरीराला मुळातच पुरुषापेक्षा अधिक चरबी आवश्यक असते. व्यायामाच्या मानाने आहार अपुरा पडला, तर मासिक पाळी अनियमित होते, थांबतेही, आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबणे ही ‘मेहनतीची पावती’ नव्हे; तो डॉक्टरकडे जाण्याचा इशारा आहे.

पुरुषांचे दुखणे लवकर ओळखूच येत नाही. पिळदार शरीर असूनही आपण किरकोळच आहोत असे सतत वाटणे, या विकाराला ‘मसल डिस्मॉर्फिया’ म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत २०१३ पासून त्याचा उल्लेख आहे. घरची मंडळी त्याला ‘शिस्त’ समजून कौतुक करतात. त्यातूनच कुणी स्टिरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतो. त्यांमुळे वृषण आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते. पौरुषाच्या प्रतिमेसाठी मोजलेली ही किंमत विचित्रच म्हणायची.

वेगळे चित्रही काढता येते. इंग्लंडमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘धिस गर्ल कॅन’ या मोहिमेत निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या बांध्याच्या सामान्य स्त्रिया धावताना, पोहताना दिसल्या. चेहरे लालबुंद, केस विस्कटलेले, अंग हलते. कमरेवर हात ठेवून उभे राहायला त्यांना सवड नव्हती.