रात्रीचा ट्रक आणि झोपेचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील शहरांना सकाळी मिळणारा भाजीपाला, दूध आणि फळे बहुतांशी आदल्या रात्री रस्त्यावर असतात. नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यातील माल वाशीच्या बाजार आवारात पहाटेच्या व्यवहारापूर्वी उतरणे आवश्यक असते, मोठ्या शहरांत दिवसाच्या ठरावीक वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते आणि औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडणारा पक्का मालही संध्याकाळनंतरच गाडीत भरून होतो. या तिन्ही कारणांमुळे लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचा मोठा भाग रात्रीवर येऊन पडतो. या कामाला सहज रात्रपाळी म्हटले जाते. परंतु कारखान्यातील पाळीला सुरुवात आणि शेवट असतो, तर ट्रकचालकाची रात्र पाळीच्या हिशेबात न मोजलेल्या दिवसाला जोडून येते. या कामाविषयीचे बहुतेक गैरसमज हा जोड लक्षात न घेतल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

गैरसमज 1 : काही वर्षांच्या सवयीने शरीर रात्रीच्या जागरणाला सरावते.

वस्तुस्थिती : मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका झोप, जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरकांचे स्रवणे यांचे चोवीस तासांचे वेळापत्रक चालवतो, त्यालाच जैविक घड्याळ म्हणतात. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून स्वतःची वेळ जुळवते. त्यामुळे रात्रभर गाडी चालवून सकाळी उन्हात उतरणाऱ्या माणसाचे घड्याळ रोज पुन्हा दिवसाच्या बाजूला ओढले जाते आणि वर्षानुवर्षे रात्री काम करूनही ते क्वचितच पूर्णपणे उलटते. रात्री सुमारे दोन ते पहाटे सहा या काळात, शरीराचे तापमान नीचांकाकडे जात असताना, झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते, आणि तिची एक सौम्य लाट दुपारी दोन ते चारच्या सुमारासही येते. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणपणे तोकडी आणि तुटक राहते. तापलेल्या केबिनमध्ये तर ती आणखी तुटते. अनुभवाने चालकाचा हात स्टिअरिंगवर बसतो, रस्ता आणि गाडी ओळखीची होते, परंतु पहाटेच्या त्या तासांतली ओढ अनुभवाने कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जैविक घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीकामाला 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला, माणसात कर्करोगाचे संभाव्य कारण ठरू शकणाऱ्या गटात स्थान दिले आहे, यावरून हा ताण केवळ कंटाळ्याचा नाही, हे स्पष्ट होते.

गैरसमज 2 : चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, उघडी काच आणि मोठ्या आवाजातली गाणी यांनी झोप उडते.

वस्तुस्थिती : माणूस जितका वेळ जागा राहतो तितका मेंदूत ॲडेनोसिन हा पदार्थ साचत जातो आणि त्याच्यामुळे झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतील कॅफिन हा पदार्थ ॲडेनोसिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. म्हणजे ते साचलेले ओझे उतरवत नाही, केवळ त्याची जाणीव काही काळ रोखून धरते. कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे ढाब्यावर चहा घेऊन लगेच गाडी रस्त्यावर काढणाऱ्या चालकाला सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये त्याचा उपयोग होत नाही. शिवाय कटिंग चहातील कॅफिनचे प्रमाणही बेताचेच असते. गार वारा, गाणी आणि पाणी यांनी येणारी तरतरी काही मिनिटांतच ओसरते, आणि तंबाखूतील निकोटिन उत्तेजक असले तरी झोपेची जागा घेत नाही. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा उपाय म्हणजे गाडी सुरक्षित जागी उभी करून चहा किंवा कॉफी घेणे आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे, कारण कॅफिनचा परिणाम सुरू होण्याच्या सुमारास जाग येते. उठल्यावर काही काळ डोके जड राहते, त्याला निद्राजडत्व म्हणतात; ते ओसरेपर्यंत गाडी सुरू न करणे हाही त्याच उपायाचा भाग आहे. एवढे करूनही तास-दोन तासांचीच सोय होते. अपुऱ्या झोपेची भरपाई केवळ झोपेनेच होते.

गैरसमज 3 : डोळा लागू लागल्याचे अनुभवी चालकाला वेळीच कळते.

वस्तुस्थिती : थकलेला मेंदू काही क्षणांपुरता झोपेत जाऊन परत येतो, याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात, ती एक-दोन सेकंदांपासून अनेक सेकंदांपर्यंत टिकते आणि त्या वेळी डोळे उघडेही असू शकतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जातो, म्हणजे चार सेकंदांच्या सूक्ष्मनिद्रेत जवळजवळ 90 मीटर अंतर कोणीही गाडी चालवत नसल्यासारखे कापले जाते. स्वतःला किती झोप आली आहे याचा अंदाज घेणारी बुद्धीही त्याच थकव्याने मंदावलेली असल्यामुळे चालकाचा स्वतःविषयीचा निर्वाळा येथे विश्वासार्ह राहत नाही. मागचे काही किलोमीटर कसे गेले हे न आठवणे, ओळखीचा फाटा नकळत मागे पडणे, गाडी पट्टा सोडून वारंवार एका बाजूला ओढली जाणे, ही डुलकीच्या आधीची नव्हे तर तिच्या आरंभाची लक्षणे आहेत.

गैरसमज 4 : ट्रकचालकांचे रात्रीचे अपघात प्रामुख्याने दारूमुळे होतात.

वस्तुस्थिती : केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या 2022 सालच्या अपघात अहवालानुसार देशातील 4,61,312 अपघातांपैकी मद्य किंवा अमली पदार्थांच्या सेवनाखाली नोंदलेल्या अपघातांचा वाटा, सर्व प्रकारची वाहने धरून, तीन टक्क्यांच्या आत होता. हा आकडा प्रत्यक्षाहून कमी असण्याची शक्यता गृहीत धरली तरी महत्त्वाची बाब निराळी आहे. या अहवालात नियमभंगाची वर्गवारी अतिवेग, मद्यपान, चुकीच्या दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर आणि इतर अशी केली जाते. झोपेसाठी त्यात स्वतंत्र गट नाही. रक्तातील मद्य तपासता येते, झोप मात्र अपघाताच्या धक्क्याबरोबर उडून जाते आणि मागे पुरावा ठेवत नाही, त्यामुळे डुलकीमुळे झालेला अपघात नोंदीत सहज अतिवेगात किंवा ‘इतर’मध्ये जमा होतो. ऑस्ट्रेलियातील ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग 17 तास जागे राहिलेल्या व्यक्तीचे हात-डोळ्यांचे कौशल्य रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या व्यक्तीइतके घसरलेले आढळले. भारतीय कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठून माल भरून घेतलेला आणि रात्री अकराला महामार्गावर असलेला चालक थेंबभरही न पिता या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो.

गैरसमज 5 : सर्वाधिक अपघात मध्यरात्रीनंतर होतात.

वस्तुस्थिती : देशातील अपघातांचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक पंचमांश, संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत नोंदला जातो आणि मध्यरात्रीनंतर संख्या बरीच घटते. मात्र संख्या आणि जोखीम या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेळी रस्त्यावरची वाहनेही अगदी थोडी असतात, म्हणून एकूण अपघात कमी असले तरी धावणाऱ्या प्रत्येक वाहनामागचा धोका कमी झाला, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

गैरसमज 6 : रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा असला की रात्रीचा प्रवास निर्धोक होतो.

वस्तुस्थिती : बोरघाट, कसारा किंवा खंबाटकी उतरताना वळणे, गिअर आणि ब्रेक चालकाला गुंतवून ठेवतात. याउलट 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या एकसुरी रस्त्यावर करण्याजोगे काहीच उरत नाही आणि दबून असलेली झोप वर येते. प्रकाशाचे गणितही येथे आड येते. समोरून वाहन येत असताना खाली केलेला दिव्यांचा झोत, म्हणजे डिपर, साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच स्पष्ट दाखवतो, तर ताशी 80 किलोमीटर वेगातला ट्रक, चालक जागा असूनही, थांबेपर्यंत त्याहून बरेच अंतर कापतो. साखर हंगामात कोल्हापूर-सांगली भागात परावर्तक न लावता धावणारी उसाची ट्रॉली किंवा कडेला बंद पडलेला बिनदिव्यांचा ट्रक दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, तो याच कारणाने.

गैरसमज 7 : घोरणारा चालक गाढ झोपलेला असतो.

वस्तुस्थिती : मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा पेंगणे ही निद्राश्वसनरोधाची, म्हणजे झोपेत घशाची वाट वारंवार बंद होण्याच्या विकाराची, लक्षणे असू शकतात. बैठे काम आणि वाढलेले वजन यांमुळे चालकांना त्याचा धोका अधिक असतो. अशा चालकाला आठ तास पडून राहूनही विश्रांती मिळत नाही. हा विकार उपचारसाध्य आहे.

गैरसमज 8 : चालक जादा पैशाच्या हव्यासापोटी झोप टाळतात आणि त्यांच्या तासांवर कायद्याची मर्यादाच नाही.

वस्तुस्थिती : मर्यादा आहे आणि ती जुनी आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती अनुक्रमे 10 आणि 54 तासांपर्यंत वाढवता येई, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. हा कायदा पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. परंतु 1961 चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता, तर ट्रकधंद्यात एक-दोन गाड्यांचे मालक आणि स्वतःच गाडी चालवणारे मालक मोठ्या संख्येने आहेत. त्याच कायद्याच्या कामाच्या तासांच्या व्याख्येत स्थानकावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तेवढाच स्पष्टपणे धरलेला होता. गोदामाच्या दारात तासन् तास जाणारी प्रतीक्षा त्यात नीट बसत नव्हती.

रात्रीचा थकवा तयार होतो तो याच प्रतीक्षेत. चालकाचा मोबदला बहुधा फेरीवर ठरतो, हमाल मिळेपर्यंत आणि बिल्टी, म्हणजे मालासोबतची वाहतूक पावती, हाती येईपर्यंत गाडी सोडता येत नाही, आणि मालाचा व डिझेलचा चोरांपासून सांभाळ करायचा असल्याने केबिनमधली झोपही सावध राहते. जकात आणि राज्यसीमेवरील करनाके 2017 मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर गेले, तरी भरण्या-उतरवण्याचा खोळंबा कायम आहे. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असण्याची अट 2018 मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे पूर्वी कागदावर तरी असलेला झोपेचा वाटेकरीही उरला नाही. 2025 पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन अनिवार्य झाली, हा बदल दिवसाच्या झोपेच्या दृष्टीने खरोखर उपयोगी आहे; मात्र झोपण्यासाठी वेळच नसेल तर थंड केबिनचाही लाभ होत नाही.

युरोपीय संघात ट्रकमध्ये टॅकोग्राफ हे नोंदयंत्र बसवलेले असते. तेथे साडेचार तासांच्या वाहनचालनानंतर 45 मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे आणि दिवसाचे वाहनचालन सामान्यतः 9 तासांपुरते मर्यादित आहे. त्याहून उल्लेखनीय बाब अशी की ते यंत्र वाहनचालन, इतर काम, प्रतीक्षा आणि विश्रांती या चार अवस्था वेगवेगळ्या नोंदवते, त्यामुळे गोदामाच्या दारात गेलेला वेळ झोपेच्या खात्यात लपवता येत नाही. आपल्याकडे अपघातानंतरच्या पंचनाम्यात गाडीचा वेग, ब्रेकच्या खुणा आणि चालकाच्या तोंडाचा वास नोंदला जातो. गाडी कोणत्या दारात किती वेळ उभी होती आणि चालक शेवटचा केव्हा झोपला होता, हे दोन प्रश्न त्यात जोडले गेले, तर पहाटे चारच्या अपघाताची जबाबदारी आदल्या दुपारी दोन वाजता त्या दाराशी कोणाकोणाची होती, हेही कागदावर येऊ लागेल.