तेलगावच्या चौफुलीवरचे खाद्यगाडे

बीडहून वडवणी, तेलगाव, सिरसाळा करीत परळी वैजनाथास जाणारा रस्ता आणि खामगावाहून माजलगाव, किल्ले धारूरमार्गे पंढरपूर गाठणारा महामार्ग ज्या ठिकाणी एकमेकांस छेदतात, त्या तेलगावच्या चौफुलीवर सायंकाळी एस.टी.तून उतरणाऱ्या प्रवाशास आमच्या गावाचा पहिला परिचय होतो तो नाकाने. कारण त्या वेळी तेथील गाड्यांवर भज्यांचे घाणे एकामागून एक निघत असतात, आणि बेसन, ओवा व तळलेली हिरवी मिरची यांचा संमिश्र दरवळ डिझेलच्या धुरावरही सहज मात करतो. पुण्यामुंबईकडे रंगविलेल्या व दिव्यांनी सजविलेल्या फूड ट्रकचे अलीकडे मोठे कौतुक होते. आमच्या गावी त्याच संस्थेचा अवतार म्हणजे चार चाकांचा हातगाडा, किंवा फार तर मागची फळी उघडून तिचेच मेज केलेला ‘छोटा हत्ती’ टेंपो. थाट कमी, परंतु तत्त्व तेच: गिऱ्हाईक खानावळीपर्यंत येण्याची प्रतीक्षा न करता चूलच त्याच्या वाटेवर नेऊन ठेवावयाची.

हे तत्त्व जुने आहे. १८७२ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी वॉल्टर स्कॉट नामक एका गृहस्थाने (कादंबरीकार स्कॉट तो निराळा) खाद्यपदार्थांनी भरलेली घोडागाडी एका वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर उभी केली, कारण रात्रपाळीच्या कामगारांना त्या अवेळी अन्यत्र काही मिळत नसे. तेलगावात वृत्तपत्राची कचेरी नाही. तिचे काम येथे साखर कारखाना करतो.

१९७८ ते १९८० या काळात राज्याचे उपमुख्यमंत्रिपद भूषविलेल्या सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना गावालगत सुंदरनगर येथे आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की तो अहोरात्र चालत असल्यामुळे गावाची झोप व भूक या दोहोंचे वेळापत्रकच बदलते. उसाने ओथंबलेले ट्रॅक्टर वजनकाट्यापुढे आपल्या नंबराची वाट पाहत रांगेत उभे असतात. ऊसतोड टोळीतील मंडळी आपली भाकरी फडक्यात बांधून बरोबर आणतात, पण दुसऱ्या गावाहून आलेला एकटा चालक, मध्यरात्री पाळी सुटलेला कामगार आणि मजुरांचा हिशोब घालीत बसलेला मुकादम यांना गाड्याचाच आधार. थंडीच्या त्या रात्री शेगडीभोवती उभे राहून चहाबरोबर खाल्लेल्या गरम भज्यांची रुची मला तरी कोणत्याही हॉटेलात सापडलेली नाही, आणि त्यात भुकेचा वाटा किती व आचाऱ्याचा किती, हा वाद मी घालीत नाही.

सकाळी मात्र मान सुशीलेचा. चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा, मिरची, शेंगदाणे व हळदीच्या फोडणीत परतावयाचे आणि वरून डाळव्याचे पीठ भुरभुरावयाचे, इतकीच तिची कृती. परंतु पाणी अंमळ अधिक राहिले तर लगदा होतो आणि कमी राहिले तर घशास टोचते, त्यामुळे चांगल्या गाड्याची परीक्षा मी तिच्यावरून करतो. वडापाव सर्वत्र मिळतो तसा येथेही मिळतो. त्यासाठी तेलगावास यावयास नको.

तळणीच्या तेलाकडे मात्र लक्ष असावे. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून अमलात आहे. गिऱ्हाईकाजवळ ते मोजण्याचे यंत्र नसते. तेल काळपट, दाट व फेसाळ दिसले की निमूटपणे पुढच्या गाड्यावर जावे. कागदाचेही तसेच, छापील रद्दीत भजी घेऊ नयेत, शाई पोटात जाते.

कायद्याच्या दृष्टीने या धंद्याची स्थिती मोठी विचित्र आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहानशा गाडेवाल्यासही नोंदणी बंधनकारक; उलट पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा नगरांसाठी केलेला, आणि तेलगाव पडले ग्रामपंचायतीच्या अंमलाखाली. तेव्हा गाडेवाल्याच्या पदरी पडते ती तहबाजारीची पावती, आणि अतिक्रमण हटविण्याचा हुकूम निघालाच तर गाडा चार हात मागे ढकलण्याची मुभा. चाकांचा खरा उपयोग हाच. एरवी वर्षानुवर्षे जागचे न हललेले गाडेही आढळतात, त्यांची चाके विटांवर टेकलेली असतात. ग्रामपंचायतीने चौफुलीलगत थोडी जागा, एक नळ आणि एक दिवा नेमून दिला तर वाहतुकीचीही सोय होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगाम आटोपला की चौफुली काहीशी ओस पडते. मग कोणी उन्हाळ्यात रसवंती थाटतो, कोणी गावोगावच्या जत्रांत गुडीशेव विकावयास जातो, पावसाळ्यात मक्याची कणसे भाजली जातात. पुढे बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळांच्या पाट्या उतरू लागतात. बीडच्या या फळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि धारूरचा घाट चढणाऱ्याने दोन पिकलेली फळे बरोबर घेणे हे शहाणपणाचे. तोवर दसरा येतो, कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी सुरू होते, आणि गाडेवाले बेसनाची पोती व तेलाचे डबे उधारीवर भरू लागतात.