दवाखान्यातला संसर्ग (लेखांक ४) : नळापासून खाटेपर्यंत

३ ऑक्टोबर २०२३. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात नुकतेच चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले होते, त्यांत १२ नवजात बाळं. त्या दिवशी पाहणीला आलेल्या खासदारांनी थेट अधिष्ठात्यांनाच स्वच्छतागृह साफ करायला लावलं. व्हिडिओ राज्यभर फिरला. पुढे उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, रिक्त पदं यांवर चर्चा झाली. हे मृत्यू हातांच्या अस्वच्छतेमुळे झाले असं मी मुळीच म्हणत नाही. पण दवाखान्याची स्वच्छता म्हटलं की आपली नजर आधी संडासाकडे जाते, हे त्या व्हिडिओत पुरतं दिसलं. संडास स्वच्छ हवाच. मात्र बाळाच्या सलाईनपर्यंत जंतू फरशीवरून चालत जात नाहीत. कुणाचा तरी हात लागतो.

तो कसा लागतो? सिस्टर एका बाळाचं डायपर बदलते, केसपेपरवर नोंद करते, खिशातला मोबाइल वाजतो तो बंद करते आणि वळून शेजारच्या बाळाची नळी सारखी करते. मध्ये मिनिटही जात नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजातांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातल्या जंतुसंसर्गात अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला आघाडीवर होते आणि बरेचसे नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. हातावर, बेसिनवर, उपकरणांवर ठाण मांडणारे हे जंतू.

‘मग हात धुवा की’, हे सांगणं सोपं. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं. समजा तासाला वीसदा प्रसंग आला, तर वीस मिनिटं नळापाशीच गेली. खाटांपेक्षा रुग्ण जास्त असलेल्या वॉर्डात एवढा वेळ कुठून आणायचा? जिनिव्हाच्या रुग्णालयात संसर्गतज्ज्ञ डिडिए पिटे यांनी म्हणूनच नळच खाटेपाशी आणला, म्हणजे हँडरबची, हातावर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाची, बाटली. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर गेलं, आणि रुग्णालयात जडणारे संसर्ग १९९४ मधल्या १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ वर आले. सुधारणा झाली ती परिचारिकांमध्ये. डॉक्टर होते तिथेच राहिले. आपल्याकडच्या कुठल्याही सिस्टरला हे सांगून बघा, नुसती हसेल.

वेळ मिळाला तरी नळाला पाणी हवं. लातूरकरांना तर हा मुद्दा वेगळा सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते याच शहरात. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही तिथे हात धुण्याचा फलक लावून काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेची हँडरबची कृती मात्र रुग्णालयाच्या औषधशाळेत करता येण्याजोगी आहे. दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग बाटल्या भरून ७२ तास ठेवायच्या, म्हणजे आत राहिलेले बीजाणूही मरतात. इथेनॉल निघतं उसाच्या मळीतून. मराठवाड्याचं पाणी उसाने प्यायलं ही ओरड खोटी नाही, पण पाणी वाचवणारा हा द्रवही त्याच उसाचा! २०२० मध्ये राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर बनवलंच होतं.

अर्थात हाताला रक्त किंवा शी लागलेली दिसत असेल तर हँडरब चालत नाही, तिथे साबण-पाणीच. म्हणजे टाकी आणि टँकर यांची चिंता सुटत नाही, कमी होते इतकंच.

खरी अडचण त्याहून साधी असते. पाहणीच्या दिवशी प्रत्येक खाटेला भरलेली बाटली लटकते. ती संपली की सिस्टर स्टोअरकडे बोट दाखवते, स्टोअर म्हणतं इंडेंट आला नाही, आणि मावशींना कुणी विचारतच नाही, जरी रिकामी बाटली सर्वांत आधी त्यांनाच दिसते. बाटली कोण भरणार त्याचं नाव ड्युटी लिस्टवर लिहिलेलं मी फार थोड्या वॉर्डांत पाहिलं आहे.

ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ, या समजाबद्दल पुढच्या आठवड्यात.